न तुटणारी फुंकर

"चालकाला विश्रांतीची गरज आहे. कृपया घाबरू नका."

दाजीपूरच्या पुढं, भर दुपारी अडीच वाजता, गाडीनं हे वाक्य बेचाळीस प्रवाशांना ऐकवलं आणि आपली आपण रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. चालक म्हणजे मी. मला विश्रांतीची गरज आहे हे मला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

मी पद्मजा बिरनाळे. एकवीस वर्षं एसटी चालवते, त्यातली नऊ कोल्हापूर-कणकवली मार्गावर, फोंडा घाटातून. गाड्या विजेच्या झाल्या, इंजिनाची घरघर गेली, कागदी तिकिटं गेली, पण घाट होता तिथंच आहे. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक गाडीत चालकासमोर एक डोळा बसवला. कागदोपत्री त्याचं नाव हातभर लांब. आम्ही त्याला जागल्या म्हणतो. पूर्वी गावाची राखण करणारा जागल्या असायचा, त्याच्यावरून. हा जागल्या आमच्या पापण्या बघतो. पापणी दोन सेकंदांच्या वर मिटलेली राहिली की गाडीचा ताबा घेतो, गाडी कडेला लावतो आणि वर ते वाक्य बोलतो.

पंधरा दिवसांतली ही तिसरी वेळ. मी खाली उतरून जागल्याच्या नावानं शिमगा केला. यंत्र बिघडलंय, उन्हानं डोळे दिपले, मी नुसती पापणी लववली, काय वाटेल ते बोलले. प्रवासी ऐकून घेत होते. तिसऱ्या बाकावर बसणारे कांबळे सरसुद्धा जागे होऊन ऐकत होते, आणि मला तेच सगळ्यात जास्त लागलं. सर कणकवलीच्या कॉलेजात शिकवायचे, दर रविवारी माझ्याच गाडीनं परत जायचे आणि भोगावती यायच्या आत गाढ झोपायचे. चालकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं. माणूस झोपतो तेव्हा त्यानं जीव आपल्या हवाली केलेला असतो. त्या दिवशी कणकवलीपर्यंत एकही माणूस झोपला नाही. आरशात बघावं तर सगळे ताठ बसून माझ्याकडे बघत होते.

माझे सासरे तर एकवीस वर्षांत एकदाही माझ्या गाडीत बसले नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "ज्येच्या हातात चाक, त्येच्यावर नजर ठेवून बसावं लागतंय. सुनंवर नजर ठेवत बसायचं, शोभतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी आगारातल्या साहेबांनी मला जागल्यानं टिपलेलं चित्र दाखवलं. माझे डोळे चार सेकंद मिटलेले होते. चेहरा इतका शांत, की मला माझाच हेवा वाटला. साहेबांनी न रागावता हिशोब सांगितला. चाळीसच्या वेगानं चार सेकंद म्हणजे चव्वेचाळीस मीटर. चार गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर मी झोपेत काटलं होतं, त्यातलं मागचं निम्मं जागल्याच्या हाती. जागल्या नसता तर पुढं वळण होतं आणि वळणापलीकडे दरी.

नव्वद दिवस चाक बंद, आणि त्या मुदतीत झोपेचा दाखला आणायचा, असं पत्र घेऊन मी घरी आले.

*

मिरजेच्या डॉक्टर नाझनीन मुजावर झोपेच्या डॉक्टर. बुटक्या, चष्मेवाल्या आणि कमालीच्या चटपटीत. त्यांनी माझ्या गळ्याला रुपयाएवढी पातळ पट्टी लावली आणि मला एक रात्र दवाखान्यात झोपवलं. सकाळी म्हणाल्या, "झोप कशी लागली?"

"मस्त. एकदाही जाग आली नाही."

"दोनशे अडतीस वेळा आली," त्या म्हणाल्या. "तासाला चौतीस."

मग त्यांनी समजावलं. घसा म्हणजे मऊ नळी, तिला आधाराला हाडं नाहीत. जागेपणी स्नायू ती उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागं पडते, टाळू खाली येतो आणि नळी मिटते. श्वास दहा-वीस सेकंद, कधी पाऊण मिनिट बंद. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरतो, झोपेतच गचका देऊन घसा उघडतो, आणि सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. रात्रभर असं चाललं तर ती झोप कसली? मग दुपारी अडीच वाजता ती आपली उधारी वसूल करायला येते.

"म्हणजे घोरणं?" मी हळू आवाजात विचारलं. माझा नवरा सुकुमार गेली सात वर्षं माडीवरच्या कारखान्यात झोपतो. चांदी जोडायच्या यंत्राची राखण करायला, असं तो पाहुण्यांना सांगतो. बिचारा एवढं एकच खोटं बोलतो आणि तेही माझी लाज राखायला. बाईमाणूस घोरतं हे आमच्याकडे अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही.

"घोरणं ही नुसती घंटा. श्वास थांबणं हा आजार," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर एक घसा आणला. हळूहळू हलणारा, गुलाबी, जिवंत वाटणारा. "हा तुमचा जुळा."

मी पुष्कळ यंत्रं पाहिली आहेत, पण असं काही पाहिलं नव्हतं. गळ्यावरची पट्टी मला ऐकू न येणाऱ्या आवाजानं आतला प्रत्येक स्नायू चाचपते आणि त्यावरून संगणक घशाची हुबेहूब नक्कल बनवतो. पूर्वी एखादा इलाज लागू पडतो की नाही हे कळायला पेशंटला सहा महिने ताटकळावं लागायचं. आता आधी जुळ्यावर करून बघतात. त्याच्या हजार रात्री एका दुपारी होतात.

माझ्या जुळ्यावर सगळं करून झालं. हवा भरणारा मुखवटा उत्तम चालला, पण तो जुळ्याला. मी घरी नेला तर रोज सकाळी कॉटखाली सापडायचा. झोपेत मीच ओरबाडून काढत होते. खालचा जबडा पुढं धरणारा दातांचा साचा माझ्या हलणाऱ्या दाढांना पेलवेना. जिभेच्या नसेला झोपेत हलके झटके देणारं, छातीत बसवायचं छोटं यंत्र असतं. पण माझा घसा बटव्याची नाडी ओढावी तसा चारी बाजूंनी मिटतो, तिथं एकट्या जिभेला पुढं ढकलून भागत नाही.

"उरला व्यायाम," डॉक्टर म्हणाल्या. "जीभ उचलायची, टाळ्याला लावायची, दाबून धरायची. दिवसातून तीनदा."

आमच्याकडे उचलली जीभ लावली टाळ्याला हा दोष समजतात, आणि माझ्यात तो पहिल्यापासून आहे. मी खूश झाले. "किती दिवस?"

"जुळ्यावर आठ महिने चालवून पाहिलं. चौतीसचे अठरा होतात. दाखल्याला पंधराच्या आत लागतात."

बाहेर आले तर बाकावर कांबळे सर बसलेले, हातात माझ्यासारखीच फाईल. मला बघून ओशाळले. "तासाला एक्केचाळीस," म्हणाले. "म्हणून तर तुमच्या गाडीत बसल्या बसल्या डोळा लागायचा, बाई. वर्गात फळ्यासमोरही लागतो."

म्हणजे नऊ वर्षं मी मिरवत होते ते प्रशस्तिपत्रसुद्धा आजाराचंच होतं.

*

महिना झाल्यावर डॉक्टरांनी घरी लावायला तीन पट्ट्या दिल्या. रात्रीची नोंद आपोआप त्यांच्याकडे जायची. कोणत्याही महिन्याला आकडा पंधराच्या आत आला की दाखला लगेच, असा नियम. आणि इथं माझी बुद्धी फिरली.

आमचं घर हुपरीत. चांदीचं गाव, घरोघर पैंजण, छुमछुम, जोडवी घडतात. माझे सासरे आदगोंडा बिरनाळे, मी त्यांना मामा म्हणते, वय एक्क्याऐंशी. ते इतके शांत झोपतात की पहाटेच्या ड्यूटीला निघताना मी नेमानं त्यांच्या नाकापुढं हात धरून बघायचे. श्वास लागला हाताला की मग चप्पल घालायची.

"मामा, गळ्याला ही पट्टी लावायची आहे. तब्येतीची तपासणी आहे," मी म्हटलं.

"लाव की," ते म्हणाले. कुणाच्या तब्येतीची, ते त्यांनी विचारलं नाही. सुकुमारनं बघितलं आणि तो गुपचूप माडीवर गेला.

रविवारी सकाळी सात वाजता डॉक्टर मुजावर आमच्या दारात उभ्या. चोराच्या मनात चांदणं.

"हा घसा तुमचा नाही," त्या उंबऱ्यातच म्हणाल्या. "तुमचा जुळा मी रोज बघते. याचा टाळू, जिभेचं मूळ, घशाच्या भिंती, सगळं तिशीतल्या पैलवानाचं. आकडा दोन. मी चिडायला आले होते, पण आधी मला हा माणूस बघू दे."

माणूस समोरच बसला होता. मामा रोज सकाळी तासभर जुन्या पैंजणांच्या तुटलेल्या कड्या जोडतात. मुलानं लेझरचं यंत्र आणलं, गावात त्याच्याही आधी गॅसची नळी आली, पण मामांचा तेलाचा दिवा आणि वाकडी पितळी फुंकणी सुटली नाही. एक टोक तोंडात, दुसरं ज्योतीपाशी. फुंकर मारली की ज्योत आडवी होऊन सुईसारखी बारीक होते आणि नेमकी जोडावर पडते. डॉक्टर खाली मांडी घालून बसल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. ज्योत जराही हलली नाही.

"हे श्वास कधी घेतात?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मामांनी जोड पुरा केला, फुंकणी खाली ठेवली. "नाकानं घ्यायचा. गालात वारा साठवलेला असतोय, त्यो सोडत ऱ्हायाचं. आत येणारा येतोय, जाणारा जातोय. दम तुटला की ज्योत हलती, ज्योत हलली की जोडात खोट ऱ्हाती."

डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याला पट्टी लावून पुन्हा फुंकायला सांगितलं आणि हातातल्या पडद्यावर मला दाखवलं. गाल हवा ढकलत असताना जीभ आणि टाळू मिळून तोंडाचं मागचं दार घट्ट लावत होते, आणि त्याच वेळी घसा उघडा राहून नाकानं हवा आत घेत होता. घशातला एकेक स्नायू कामाला लागलेला. "मी तुम्हाला जो व्यायाम दिला, तो यांनी सत्तर वर्षं रोज तासन्‌तास केलाय," त्या म्हणाल्या. "तोही ओझं घेऊन."

"कसला व्यायाम? कसली पट्टी?" मामांनी विचारलं.

मग सांगावंच लागलं. जागल्या, चार सेकंद, दाखला, सगळं. मामा ऐकत राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्हंजे माझ्या गळ्यावर तू बेचाळीस माणसं घाटात न्हेणार हुतीस?" ते म्हणाले. "खोटा जोड बाईच्या पायात तुटला तर पैंजण पडतंय, पोरी. तुझा जोड तुटला तर काय पडंल?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला दाखला हवा होता, आणि दाखल्यामागची माणसं मी विसरले होते.

डॉक्टर उठल्या. "हे मी लपवणार नाही. पण आगाराला तुम्हीच लिहा. माझ्या कागदाच्या आधी तुमचा पोचू दे."

मी त्याच दिवशी लिहिलं. साहेबांनी मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. एकवीस वर्षं गाडी हाकलेली बाई आता भोंग्यावरून दुसऱ्यांच्या गाड्या पुकारू लागली. "फलाट क्रमांक चार, कोल्हापूर-कणकवली, फोंडा घाटमार्गे." माझाच मार्ग, माझीच वेळ.

*

तीन दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी पाण्यानं भरलेली वाटी आणि ज्वारीच्या धाटाची पोकळ नळी माझ्यापुढं ठेवली.

"फुंक. बुडबुडं तुटाय न्हाई पायजेत."

मी चकित झाले. आमच्या घरात बायका घुंगरं ओवायच्या, पण फुंकणी पुरुषाची. वर ती तोंडाची वस्तू, उष्टी. बापाची फुंकणी मुलगासुद्धा वापरत नाही, ज्याची त्याच्याबरोबर जाते. सुनेला शिकवायची तर गोष्टच नाही.

"मामा, मला? चालेल?"

त्यांनी वाटी आणखी माझ्याकडे सरकवली. "तुझी सासू बी घोरायची," ते म्हणाले. "मधीच घोरायचं थांबायची. आमी हसायचो, म्हणायचो, इंजान बंद पडलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपंतच गेली. हार्ट म्हणालं डाक्टर. त्या मिरजंच्या बाईंना इचारलं मी काल फोनवरनं. ती म्हणाली, आता सांगता येत न्हाई, पर असंल. सत्तर वरीस ही फुंकणी माझ्या हातात हाय, आन् ती शेजारी बसून घुंगरं ओवत हुती. एकदा दिली असती तर काय बिघडलं असतं?"

त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते रडले नाहीत, पण मला समोरची वाटी दिसेना.

बुडबुडे रोज तुटायचे. गाल फुगवावे तर नाक बंद, नाक उघडावं तर गाल रिकामे. सुकुमार माडीवरून डोकावून हसायचा, मग एक दिवस तोही वाटी घेऊन बसला आणि माझ्याहून वाईट फुंकला. मामा आम्हा दोघांना सारखेच रागवायचे. अठराव्या दिवशी अचानक जमलं. श्वास आत आला आणि बुडबुडे चालूच राहिले, एक मिनिट, दीड मिनिट. मी हसले तेव्हा तुटले.

त्याच संध्याकाळी मामांनी पितळेची नळी घेतली, वाकवताना चेपू नये म्हणून आत बारीक वाळू ठासून भरली, आणि मांडीवर धरून हळूहळू बाक दिला. माझ्या ओठांच्या मापाचं तोंड घासलं. ती माझी फुंकणी.

इकडे डॉक्टर गावभर हिंडत होत्या. हुपरीत अजून फुंकणी चालवणारे अकरा म्हातारे निघाले, त्यांतल्या नऊ जणांचा आकडा पाचाच्या आत. गॅसवर काम केलेले त्यांच्याच वयाचे लोक निम्म्याहून जास्त आजारी. मी उड्या मारायला लागले तर त्यांनी दटावलं. "अकरा माणसांवर शास्त्र उभं राहत नाही. मला पाचशे लागतील. आणि प्रत्येकाला हे लागू पडणार नाही. तुमच्या सरांचा घसा वेगळा, त्यांना मुखवटाच बरा आणि ते तो गुण्यागोविंदानं लावतात."

नव्वदाव्या दिवशी पट्टी पुन्हा माझ्या गळ्याला लागली. माझ्याच.

सतरा.

दोननं हुकले. सुकुमारनं तोंड फिरवलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आता तू काय करणार, हे त्यांना विचारायचंय ते मला कळलं. मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, "आकडा सतरा आहे. मला चाक नको. अजून एक महिना खिडकीत बसवा."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "माझ्याकडं मुदत वाढवून मागायला सगळेच येतात, पण खिडकी मागून घेणाऱ्या तुम्हीच पहिल्या," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

त्या महिन्यात मी रोज मामांच्या शेजारी बसून खऱ्या कड्या जोडल्या. पहिले आठ दिवस सगळे जोड खोटे निघाले. ते न बोलता तोडायचे आणि परत माझ्यापुढं ठेवायचे. दुपारी जेवणानंतर खुर्चीत मान पडायची, ती पडेनाशी झाली. सुकुमार एक दिवस उशी घेऊन माडीवरून खाली आला आणि म्हणाला, यंत्राची राखण आता यंत्रच करील.

महिन्यानं आकडा आला बारा.

*

पहिल्या दिवशी गाडी फलाटावर लावली. जागल्यानं माझ्या पापण्या ओळखल्या आणि हिरवा दिवा लावला. रविवार होता, कांबळे सर तिसऱ्या बाकावर येऊन बसले, टवटवीत, हातात वर्तमानपत्र. आता ते झोपत नाहीत. गाडी सुटणार तेवढ्यात दारात पांढरी टोपी दिसली.

"मामा? कुठं निघालाय?"

"कणकवलीला."

"कणकवलीत कोण आहे आपलं?"

"कुनी न्हाई," ते म्हणाले आणि थेट माझ्या मागच्या बाकावर बसले. हल्ली दर गुरुवारी ते फुंकर शिकवायला मिरजेला जातात. दवाखान्याच्या हॉलमध्ये तीस माणसं वाट्या घेऊन त्यांच्यापुढं बसतात. त्यांत निवृत्त हवालदार आहेत, एक वकीलबाई आहेत, आणि सगळ्यांना ते माझ्यासारखेच रागावतात. मला वाटलं, आज माझी परीक्षा आहे. आता घाटभर माझ्यावर नजर ठेवणार.

राधानगरी गेली, दाजीपूर गेलं. जिथं गाडी तीनदा थांबली होती ती जागा आली. हात चाकावर घट्ट, डोळे रस्त्यावर, श्वास नाकानं. पुढं वळणं सुरू झाली. समोर रस्ता सरळ दिसला तेव्हा क्षणभर आरशात पाहिलं.

मामा झोपले होते. टोपी पुढं आलेली, मान खिडकीला टेकलेली, हात मांडीवर उघडे. दिवसा कधी डोळा न मिटणारा माणूस, घाटात, सुनेच्या गाडीत.

घाट उतरल्यावर फोंड्याला दहा मिनिटांचा थांबा असतो. लोक चहाला उतरले. मी माझ्या जागेवरून उठले, मागं गेले आणि जुन्या सवयीनं त्यांच्या नाकापुढं हात धरला.

"जित्ता हाय," मामा डोळे न उघडता म्हणाले. "थांबलीस कशाला? हाक पुढं."